नर्सरी फुलली, पण घाई नको : उन्हाळ्याच्या तोंडावर काय न्यावं आणि काय पावसावर सोडावं

बेळगाव : होळी झाली की नर्सरीसमोर गाड्या थांबायला लागतात. दाराशीच पिटुनियाच्या कुंड्या रंगांनी भरलेल्या असतात, बोगनवेलीला पान कमी आणि फूल जास्त असतं, मागच्या बाजूला टेम्पोतून गुलाबाची रोपं उतरत असतात. पाडव्याच्या आधीचे हे दोन आठवडे नर्सरीवाल्याचे गर्दीचे. हेच चित्र म्हापशात दिसतं, इंदूरला दिसतं, वडोदऱ्यातही दिसतं. माणसं हौसेनं झाडं नेतात, गच्चीवर रांगेत मांडतात, फोटो काढतात.

आणि मे महिन्यात त्याच गच्च्यांवर वाळलेल्या काड्या उभ्या असतात. मग कुणी म्हणतं नर्सरीवाल्यानं फसवलं, कुणी म्हणतं आमच्या हाताला गुण नाही. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. झाड चांगलं असतं, माणूस पाणीही घालत असतो. चुकलेला असतो तो महिना.

वसंत आपला, कॅलेंडर परक्याचं

'वसंतात बाग लावा' हे वाक्य मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून आणि परदेशी पुस्तकांमधून आपल्याकडे आलं. ज्या देशात चार महिने बर्फ असतो, तिथं ते बरोबरच आहे. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये जमीन ऊबदार होते, पुढं मवाळ उन्हाळा असतो, मधूनमधून पाऊसही असतो. रोपाला मुळं धरायला पाच-सहा महिने मिळतात.

आपल्याकडे चैत्र म्हणजे कोरड्या हंगामाचा उत्तरार्ध. पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, आंब्याला तांबूस पालवी येते, पिंपळ चमकायला लागतो. डोळ्यांना वाटतं सृष्टी लावणीला तयार आहे. पण नीट बघितलं तर ही सगळी मोठी, जुनी झाडं आहेत. पळस-पांगारा तर फुलताना पानंच टाकून देतात, म्हणजे पाण्याचा मोठा खर्च आधीच थांबवतात. बाकीच्यांची मुळं इतकी खोल गेलेली असतात की वरची वीतभर माती तापून भुगा झाली तरी त्यांना फरक पडत नाही.

नर्सरीच्या पिशवीतल्या रोपाकडे यातलं काही नसतं. त्याची मुळं ओंजळभर मातीत. त्याचं सगळं आयुष्य हिरव्या जाळीखाली गेलेलं, म्हणजे निम्म्या उन्हात. आजूबाजूला शेकडो कुंड्या एकमेकींना चिकटून, सकाळ-संध्याकाळ पाइपनं पाणी, हवेत कायम ओल. तिथून उचलून ते थेट सिमेंटच्या गच्चीवर येतं. वरून ऊन, खालून तापलेला स्लॅब, बाजूनं कोरडा वारा. काळी प्लास्टिकची कुंडी दुपारी हात लावला तर चटका देते, आतल्या मुळांचं काय होत असेल ते समजून घ्यावं. पानातून पाणी उडतं त्या वेगानं मुळं पाणी ओढू शकत नाहीत. झाड माना टाकतं. मालक घाबरून अजून पाणी घालतो. आता मुळांना हवाही मिळत नाही, ती कुजतात. वरून बघणाऱ्याला मात्र झाड 'पाण्याविना' वाळल्यासारखंच दिसतं.

जुन्या नर्सरीवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. एखादा सरळमार्गी माणूस गिऱ्हाईक परतवतोही.

"मावशी, आंब्याचं कलम आत्ता नेऊ नकासा. मिरगाला या, ह्याच्यापेक्षा बरं देतो."

"अरे, पण पाडव्याला लावायचं म्हणत होतो आम्ही."

"पाडव्याला खड्डा काढा की!"

उत्तर विनोदानं दिलेलं असलं तरी अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्या खड्ड्याबद्दल पुढं येईलच.

एकच महिना, पण उन्हाळे वेगळे

बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये दुपारचा पारा साधारण ३५-३६ अंशांच्या आसपास, रात्री बऱ्यापैकी गार, आणि मधूनच वळवाची सर. त्यामुळं बेळगावकरांना मराठी मुलखातल्या इतर बागवाल्यांपेक्षा थोडी सवलत आहे. पण ही सवलत जिल्हाभर नाही. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे लाल माती आणि पावसाळ्यात धो-धो पाऊस, पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडे काळी माती, उत्तरेला अथणीकडे पाऊसच बेताचा. खानापूरच्या मेव्हण्यानं दिलेला सल्ला अथणीत चालेलच असं नाही.

गोव्यात पारा फार चढत नाही, पण हवा दमट. पानं तितक्या लवकर सुकत नाहीत, म्हणून झाड बरं दिसतं. खाली जांभ्या दगडाची माती मात्र पाणी धरून ठेवत नाही. तिथं उन्हाळ्यात रोगापेक्षा निचऱ्याचाच प्रश्न मोठा, आणि जूनमध्ये उलट, कोवळं रोप पाण्याखाली उभं राहायची भीती.

इंदूरला माळव्याची हवा, दिवस तापतो पण रात्री दिलासा. काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते आणि त्या भेगांमधून बारीक मुळं तुटतात. वडोदरा, हैदराबाद चाळिशी ओलांडतात. आणि ग्वाल्हेर! मे महिन्यात ४५ अंश तिथं नवलाचे नाहीत, शिवाय लू. ग्वाल्हेरच्या घरी बेळगावच्या भावाचं बघून मार्चअखेर गुलाब लावणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. तिथल्या लोकांसाठी नवीन झाड लावायची खिडकी फेब्रुवारीच्या मध्यालाच बंद होते, ती उघडते पाऊस पडल्यावर.

म्हणून खाली दिलेल्या गोष्टी वाचताना आपापलं गाव लक्षात ठेवून आठ-पंधरा दिवस पुढं-मागं करावेत.

फुललेलं घ्यायचं नाही

मार्चमध्ये नर्सरीत सगळ्यात देखणी दिसतात ती पिटुनिया, पँझी, डायंथस, फ्लॉक्स. ही सगळी थंडीची फुलं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांची रोपं झाली, जानेवारीत ती भरात आली, आणि आता शेवटचा बहर दाखवून ती संपणार आहेत. नर्सरीवालाही या दिवसांत ती कमी दरानं काढत असतो, त्यात त्याचं काही चूक नाही. घरात समारंभ असेल, आठ-दहा दिवस दारात रंग हवा असेल तर खुशाल घ्यावीत. पण 'वर्षभर फुलेल' म्हणून नेली तर पदरी निराशा येणार.

उन्हाळ्याची फुलं वेगळी, आणि गंमत म्हणजे ती या दिवसांत नर्सरीत कोपऱ्यात, नुसती हिरवी, दुर्लक्षित बसलेली असतात. झिनिया, पिवळा-नारिंगी कॉसमॉस, सूर्यफूल, कोचिया, चिनी गुलाब. या शेवटच्याला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' असंही म्हणतात, कारण ऊन आलं की उघडायचं आणि दुपार कलली की मिटायचं. चिनी गुलाबाची तर काडी मोडून मातीत खोचली तरी चालते. त्याच्या जाडसर पानांतच पाण्याचा साठा असतो. सदाफुलीचं तसंच. हिंदी मुलखात तिला सदाबहार म्हणतात, गुजरातेत बारमासी. नाव बदललं तरी ऊन सोसण्याचा गुण तोच.

बोगनवेल मात्र फुललेली घेतली तरी चालते, फक्त एक काळजी. तिची मुळं नाजूक असतात, पिशवी काढताना मातीचा गोळा फुटला की सगळी रंगीत पानं चार दिवसांत गळतात. पिशवी ब्लेडनं उभी चिरावी, ओढून काढू नये.

मोगरा : या ऋतूचा खरा मानकरी

उन्हाळ्यात एकच झाड घ्यायचं असेल तर मोगरा घ्यावा. कानडीत मल्लिगे, तेलुगूत मल्ले, गुजरातीत मोगरो, ग्वाल्हेरकडे बेला. सीमेच्या अलीकडे-पलीकडे सगळ्यांच्या केसात तोच गजरा. मोगऱ्याला ऊन लागतं, आणि भरपूर लागतं. सावलीतला मोगरा नुसता पसरतो, फुलत नाही. 'आमच्या मोगऱ्याला फूलच येत नाही' या तक्रारीचं निम्मं उत्तर कुंडी हलवण्यात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर हिवाळ्यात दडलेलं असतं. मोगऱ्याला थंडीत विश्रांती हवी. डिसेंबरपासून पाणी कमी करायचं, संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान फांद्या अर्ध्यावर छाटायच्या, उरलेली जुनी पानं काढून टाकायची, वरची माती उकरून शेणखत घालायचं आणि मग पाणी सुरू करायचं. नव्या फुटीच्या टोकालाच कळ्या येतात. म्हणून जितक्या नव्या फांद्या, तितका बहर. ज्यांनी हे वेळेवर केलं त्यांच्याकडे मार्चअखेर पहिला बहर येतो. ज्यांचं राहून गेलं त्यांनी आता खोल छाटणी करू नये. नुसती टोकं खुडावीत, खत घालावं. बहर उशिरा येईल, पण येईल.

पहिला बहर ओसरला की फुलं येऊन गेलेली टोकं दोन-तीन पेरांवर खुडायची. पंधरा-वीस दिवसांत नवी फूट येते आणि तिच्यावर दुसरा बहर. हे जूनपर्यंत चालू राहतं.

मोगऱ्याचा एक रोग ओळखून ठेवावा. कळ्या फुलायच्या आधीच जांभळट पडतात आणि गळतात. हे पाण्याचं किंवा खताचं दुखणं नाही, कळीमाशीचं आहे. तिच्या बारीक अळ्या कळीच्या आत असतात आणि पुढची अवस्था कुंडीतल्या मातीत काढतात. त्यामुळं नुसती फवारणी करून भागत नाही. जांभळ्या कळ्या रोज वेचून नष्ट करायच्या, खाली पडलेल्याही उचलायच्या आणि वरची माती खुरप्यानं हलवून उन्हात तापू द्यायची. पानांच्या खालच्या बाजूला बारीक जाळी आणि पानावर फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा मानवते. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी त्याचा जोर बराच मोडतो.

जास्वंदीची कथा थोडक्यात सांगायची तर पांढरा पिठ्या ढेकूण. कानडी माळी तिला दासवाळ म्हणतो, हैदराबादचा मंदारम, पण पिठ्या सगळीकडे सारखाच. मुंग्या त्याला एका फांदीवरून दुसरीकडे पोचवतात, म्हणून मुंग्या चढताना दिसल्या की शोध घ्यावा. थोडा असेल तर जुन्या दातघासणीच्या ब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढावा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि चार थेंब साबण. फवारणी संध्याकाळीच. दुपारच्या उन्हात तेलकट फवारा बसला तर पानं भाजतात, मग पिठ्या बरा म्हणायची वेळ येते.

गुलाब आणि 'गोळा'

गुलाब या दिवसांत घ्यावा का? बेळगाव, गोव्यात घेतला तर जगवता येतो, दुपारी बारानंतर सावली मिळेल अशा जागी. बाकी ठिकाणी पावसानंतर बरा. घ्यायचा झालाच तर फुलाकडे बघायच्या आधी बुंध्याकडे बघावं. नर्सरीतला बहुतेक गुलाब डोळा भरलेला असतो, म्हणजे खाली रानटी खुंट आणि वर हवी ती जात. जोडाच्या खालून जोमदार, सरळ फूट निघालेली असेल तर ती खुंटाची. ती खुंटाशीच काढून टाकली नाही तर वरची जात उपाशी राहते आणि दोन वर्षांनी 'लाल गुलाब लावला होता, बारीक रानफुलं यायला लागली' अशी तक्रार येते.

दुसरी गोष्ट मातीच्या गोळ्याची. आपल्या गावच्या नर्सरीत दिसणारी सगळीच झाडं तिथं तयार होत नाहीत. पुण्याजवळचं उरुळी कांचन, आंध्रात राजमहेंद्रवरमजवळचं कडियम ही नर्सरीची मोठी केंद्रं. तिथून ट्रकनं माल देशभर जातो. लांबून आलेल्या झाडांपैकी काही जमिनीतून उकरलेली आणि चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा एकदा पूर्ण वाळला की विटेसारखा होतो. कुंडीत घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेनं वाहून भोकातून बाहेर पडतं. वरची माती ओली, मुळांजवळ ठणठणीत कोरडं. अशा झाडाचा गोळा लावण्याआधी बादलीत बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावा, बाहेरच्या कडा बोटांनी हलक्या मोकळ्या कराव्यात, आणि मगच नव्या मातीत बसवावा. पूर्ण माती झाडून मुळं उघडी करण्याचा उत्साह उन्हाळ्यात दाखवू नये.

घरी आणलेलं कोणतंही झाड पहिले आठ-दहा दिवस त्याच पिशवीत, सावलीत ठेवावं. मग सकाळचं ऊन, मग हळूहळू अधिक. सासरी आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी विहिरीवर धाडत नाहीत, तसंच.

भाजीपाला : इथं मात्र वेळ गमावू नका

भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारली, दुधी यांचं बी उन्हाळी हंगामासाठी जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत टाकायचं असतं. पाडव्यापर्यंत वेल चढू लागलेला हवा. यांना रोपवाटिकेतून तयार रोपं आणण्यात फारसा अर्थ नाही. वेलवर्गाच्या मुळांना जागा बदललेली आवडत नाही, बी थेट आळ्यात टाकलेलं बरं. तांदुळजा, लाल माठ, अंबाडी, मायाळू हे उन्हातही येतं. कोथिंबीर मात्र या दिवसांत पानाआधी फुलावर येते, तिच्यामागं लागू नये.

गच्चीवर दुधी-कारल्याला फुलं भरपूर आणि फळ एकही नाही, असं होतं तेव्हा घाबरायचं कारण नाही. वेलावर आधी नर फुलं येतात. मागं बारीक फळासारखा फुगवटा असलेली ती मादी फुलं, ती नंतर. मधमाशा कमी असतील तर फूल उमलल्यावर नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्याला हलकेच लावावा. काकडी-कारल्याचं हे काम सकाळी करायचं. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळच्या सुमारास उमलतात, म्हणून त्यांचं काम दिवेलागणीला.

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची जुनी रीत आहे. त्या दिवशी आळी करून बी घातलं की वेल भरभरून येतात अशी समजूत. समजुतीच्या पोटात हिशेब आहे. अक्षय्य तृतीया एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेमध्ये येते, तिथून पाऊस महिना-दीड महिन्यावर. वेल मोठा होतो तोवर पाणी आपण घालायचं, फुलावर येतो तेव्हा आभाळ घालतं. हळदीचंही तसंच. सांगलीकडचा शेतकरी हळदीची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू करतो. घरी रुंद कुंडीत डोळे आलेले दोन-तीन कंद लावले तरी पुढच्या माघात ओल्या हळदीचं लोणचं होतं. निशिगंधाचे कंदही एप्रिल-मेमध्येच लावायचे, दोन-अडीच इंच खोल. तीन महिन्यांनी, ऐन श्रावणाच्या तोंडावर छड्या येतात.

होळीला पाचोळा, मिरगाला खत

वसंतातली सगळ्यात मोलाची गोष्ट नर्सरीत विकत मिळत नाही. ती रस्त्यावर पडलेली असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, आणि गावोगावी सकाळी झाडलोट करून पाचोळ्याचे ढीग पेटवले जातात. बेळगावच्या कॅम्पात, टिळकवाडीतल्या जुन्या झाडांखाली किती पाचोळा जमतो ते रोज फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको. धूर होतो तो वेगळाच. आणि ज्यांनी पाचोळा जाळला तेच लोक जूनमध्ये पोतं-पोतं खत विकत आणतात.

या पाचोळ्याचं काय करायचं याचा एक जगप्रसिद्ध धडा मराठी माणसांच्या इंदूरमध्येच तयार झाला. १९२४ साली इंदूरला वनस्पती संशोधनाची संस्था सुरू झाली. तिथं अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञानं शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन खत करण्याची पद्धत बसवली. ढीग ठरावीक दिवसांनी उलथायचा, ओल राखायची, आणि साधारण ९० दिवसांत खत तयार. जगभरात ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. १९३१ साली याविषयीचं पुस्तक निघालं त्यावर हॉवर्डच्या बरोबरीनं यशवंत वाड यांचं नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्डचं नाव सगळे घेतात, वाडांचं फार थोडे. आपण तरी घ्यावं.

हिशेब सरळ आहे. होळीच्या सुमारास ढीग घातला तर ९० दिवसांनी मृग नक्षत्र दारात असतं. त्यासाठी शेत लागत नाही. अंगणाचा एक सावलीतला कोपरा, किंवा भोकं पाडलेलं जुनं पिंप पुरतं. चार बोटं पाचोळा, त्यावर शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडायचं, मूठभर माती, थोडी चुलीची राख, पुन्हा पाचोळा. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओला हवा, पाणी गळता कामा नये. साधारण दोन, पाच आणि आठ-नऊ आठवड्यांनी वर-खाली करायचा. उन्हाळ्यात ढीग वाळला की काम थांबतं, त्यामुळं गोणपाट झाकून ठेवावं. आंब्या-फणसाची जाड पानं हातानं चुरून घातली तर लवकर कुजतात. सागाची पानं हट्टी, ती अर्धवट राहिली तर आळ्यात आच्छादन म्हणून वापरावीत. त्यांचाही उपयोग आहेच, कारण कुंडीत दोन इंच पाचोळ्याचा थर असला की माती उघडी तापत नाही आणि पाण्याची एक खेप वाचते.

पाणी घालायची वेळ सकाळी लवकर, सूर्य वर यायच्या आत. बोट मातीत दोन पेरं खुपसून बघावं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. आठ दिवस गावाला जायचं असेल तर कुंड्या सावलीत एकत्र, एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात, नर्सरीवाला ठेवतो तशाच. जमिनीतल्या मोठ्या आळ्यात तळाला बारीक भोक पाडून वात घातलेलं मडकं पुरून ठेवण्याची जुनी युक्तीही अजून तितकीच चालते.

हळदीकुंकवाची ऑर्डर

चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवं चालतात. अलीकडे आंब्याची डाळ आणि पन्ह्याबरोबर वाण म्हणून रोपटं द्यायची पद्धत वाढली आहे. पंचवीस-पन्नास रोपांची ऑर्डर नर्सरीला येते. कल्पना छानच, फक्त निवड बघून करावी. गुलाबाचं किंवा शेवंतीचं रोप या उन्हात दहातल्या दोघींकडे जगलं तरी खूप. कोरफड, गवती चहा, सदाफुली, पुदिना अशी रोपं द्यावीत. तुळस द्यायला हरकत नाही, पण देताना सांगावं की मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या. मंजिऱ्यांचं बी पिकू दिलं की तुळशीला वाटतं आपलं काम झालं, आणि ती वाळायला लागते.

पाडव्याला कडुनिंबाच्या डहाळ्यांसाठीही लोक नर्सरीच गाठतात. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी लिंबोळ्यांवर लक्ष ठेवावं. उन्हाळ्याच्या शेवटी पिकून पडतात. त्यांची उगवण फार लवकर जाते, डब्यात जपून ठेवलेल्या लिंबोळीतून पुढच्या वर्षी काही उगवत नाही. गोळा केल्या की आठवड्याभरात पेराव्यात.

आंब्याचं कलम : आत्ता खड्डा, मग झाड

आता त्या मावशींच्या खड्ड्याकडे. आंबा, फणस, चिकू, नारळ, काजू अशी कायमची झाडं लावायची असतील तर एप्रिल-मे हा खड्डा काढायचा काळ. आंब्यासाठी शक्य तिथं लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी १ मीटर. खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यायचा. हुमणी, वाळवी, बुरशी यांचा उपद्रव त्यानं कमी होतो. पावसाच्या आधी वरची चांगली माती, दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि पाचोळा असं भरून खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंचच ठेवायचा, कारण माती बसते.

पहिल्या वळवाला भुलू नये. एप्रिलमधली एखादी दणकट सर झाली, मातीचा वास आला की हात शिवशिवतात. पण त्या सरीनंतर पुन्हा तीन-चार आठवडे कडक ऊन असतं. मोसमी पाऊस दोन-तीन वेळा नीट लागून जमीन वीतभर भिजली की कलम लावायचं. खानापूर-गोव्याच्या बाजूला जिथं पाऊस कोसळतो तिथं सुरुवातीलाच लावून घ्यावं आणि आळ्याऐवजी बुंध्याशी मातीची भर द्यावी, पाणी तुंबू नये म्हणून.

आत्ता नर्सरीत असलेली कलमं ही गेल्या पावसाळ्यातली असतात. नवी कलमं तयार होण्याची तयारी मात्र याच वसंतात सुरू झालेली असते. मेमध्ये रायवळ आंब्याच्या कोयी गोळा होतात. कोय फार दिवस टिकत नाही, ती ताजीच गादीवाफ्यावर पेरावी लागते. रोप दहा-पंधरा दिवसांचं, पानं अजून तांबूस असतानाच त्यावर हव्या त्या जातीची काडी बसवतात. हेच कोय कलम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं या पद्धतीचा मोठा प्रसार केला. जून-जुलैच्या दमट हवेत ती जमते, आत्ताच्या कोरड्या हवेत जोड धरत नाही. 'ताजं कलम' म्हणून मार्चमध्ये कुणी काही विकत असेल तर जोड नीट बघावा.

कलम निवडताना उंचीला भुलू नये. जोड पूर्ण भरलेला, त्यावर प्लास्टिकची पट्टी रुतलेली नसलेला, जोडाच्या वर निदान दोन वेळा पालवी येऊन पिकलेली, खालून खुंटाची फूट नसलेली, आणि पिशवीतून मूळ बाहेर पडून जमिनीत गेलेलं नसलेलं असं बघावं. पिशवी उचलताना 'कट्' असा आवाज आला तर समजावं, मुख्य मूळ तुटलं. मोहोर किंवा फळ लागलेलं कलम तर अजिबात नेऊ नये, दिसायला कितीही मोहक असलं तरी. त्याची सगळी ताकद त्या एका आंब्यात चाललेली असते.

जातिवंत कलमासाठी सरकारी आणि विद्यापीठाच्या रोपवाटिकांची चौकशी आत्ताच करावी, कारण पाऊस लागल्यावर तिथं रांगा असतात. बेळगाव जिल्ह्यात अरभावीला बागलकोटच्या उद्यानविद्या विद्यापीठाचं महाविद्यालय आहे. गोव्यात जुन्या गोव्याजवळ एला इथं भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारी शेतीची संस्था आहे. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून १९८१ साली आलेला 'रत्ना' तिथलाच. काजूच्या वेंगुर्ला जातीही तिथल्याच. गोव्याच्या मानकुराद आंब्याची कलमं हवी असतील तर मात्र झाडाची खात्री असलेल्या माणसाकडूनच घ्यावीत, कारण मानकुरादमध्येही प्रकार आहेत आणि फळ लागायला चार-पाच वर्षं जातात. तेव्हा चूक कळून उपयोग नसतो.

गावातल्या नर्सरीवाल्याकडेही नाव नोंदवून ठेवता येतं. बरेच जण वहीत जात आणि नग लिहून घेतात, थोडी आगाऊ रक्कम घेतात आणि मृग लागला की फोन करतात. कोणत्या जातीची काडी, कोणत्या झाडावरची, हे त्याच वेळी विचारून घ्यावं. आणि खड्डा काढून ठेवला आहे हेही सांगावं, म्हणजे तो कलम बाजूला काढून ठेवतो.